निर्माता वारला, शूटिंग चालू

मी वारलो तो मंगळवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी आमच्याच स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटात डोकं घालून उताणा पडलो होतो. हे मी अभिमानानं सांगत नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षं वॅरम गावचा पोस्टमास्तर म्हणून काउंटरमागे ताठ मानेनं काढली, त्याचा शेवट सिंकखाली व्हावा हे काही शोभत नाही. पण निर्मात्याला पडेल ते काम करावं लागतं, आणि त्या आठवड्यात निर्माता मी होतो.

सिनेमाचा निर्माता म्हणजे तोंडात जाडजूड सिगार आणि दाराशी लांबलचक गाडी, अशी माझी कल्पना होती. आमच्या टॅमसिननं ती दुरुस्त केली. "बाबा, स्वतंत्र सिनेमात ज्याच्याकडे घर आहे, गाडी आहे आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, तो निर्माता." तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. तिसरी माझ्याकडे आहे हे मला तोवर माहीत नव्हतं, एवढंच.

टॅमसिन आमची एकुलती एक. वय एकोणचाळीस. दिग्दर्शक व्हायचं म्हणून घरातून गेली त्याला अठरा वर्षं झाली. पोस्टात कसं, माणूस आधी टपाल वाटतो, मग काउंटरवर बसतो, मग मास्तर होतो. सिनेमात अशी शिडीच नाही. पहिली तीन वर्षं टॅमसिन रस्त्याच्या वळणावर 'थांबा'ची पाटी धरून उभी राहिली, पलीकडे दुसऱ्याचंच शूटिंग चालायचं. पुढे चार वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढले. मग गोदामात माल उचलणाऱ्या गाडीचं चाक स्वतःच्याच पायावरून जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, ह्यावर एक माहितीपट. तो मी पाहिला. चांगला होता. मधूनमधून तीन छोटे सिनेमे तिनं स्वतःचे केले. त्यातल्या एकाला कुठल्याशा थंड देशात काचेचं बक्षीस मिळालं. ते आमच्या टीव्हीवर आहे, ऑड्री दर शनिवारी पुसते. ऑड्री म्हणजे माझी बायको.

दर रविवारी संध्याकाळी पाचला टॅमसिनचा फोन यायचा, आणि दर रविवारी मी एकच विचारायचो, "कामाचं काय?" ती म्हणायची, "बघतेय, बाबा." अठरा वर्षांचे रविवार मोजा. मला नाही मोजवत.

तर ह्या जानेवारीत ती आली ती पहिला मोठा सिनेमा घेऊन. गोष्ट साधीच. एक बाई आईचं घर विकायला गावी येते आणि विकत नाही. घर हवं होतं आमचं, बारा दिवसांसाठी. मीही एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, अट घातल्याशिवाय सही करत नाही. अ‍ॅडलेडला एका विमा कंपनीत माझा जुना दोस्त आहे, आयव्हर. त्याच्याकडे टॅमसिनसाठी टेबलावरच्या नोकरीची सोय मी आधीच लावून ठेवली होती. म्हटलं, "बारा दिवसांत सिनेमा पुरा झाला तर झाला. नाही झाला, तर एक तारखेपासून आयव्हरकडे."

टॅमसिननं वहीत तारीख लिहून घेतली. मग म्हणाली, "ठीक आहे." तिच्या त्या 'ठीक आहे'नं मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ऑड्री त्याच संध्याकाळी "बारा दिवस माझ्या चुलीपाशी परकी माणसं मला बघवणार नाहीत" म्हणून अ‍ॅडलेडला बहिणीकडे निघून गेली. जाताना मला म्हणाली, "अट घालायला बरी जीभ चालते तुझी." त्याचा अर्थ तेव्हा मी लावला नाही.

तो मंगळवार अकरावा दिवस. राहिलं होतं काय, तर दोनच गोष्टी. बुधवारी सकाळी धान्याच्या कोठारांजवळचा सायडिंग रोड तासभर बंद ठेवून शेवटचा प्रसंग घ्यायचा. त्याची नगरपालिकेची परवानगी निर्मात्याच्या, म्हणजे माझ्या नावावर होती. बुधवारी दुपारी नायिका मेलबर्नला परत जाणार होती, म्हणजे बुधवार हुकला की सिनेमा हुकला. आणि दुसरी गोष्ट, एक मिनिटाची शांतता.

ही काय भानगड आहे ते सांगतो. आवाज टिपणारा आमचा कॉस्टा म्हणून एक गृहस्थ होता. दाढीवाला, मायाळू, पण कानावर हेडफोन चढले की हुकूमशहा. तो म्हणाला, "ट्रेलोअरसाहेब, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तुमच्या स्वयंपाकघराची मला एक मिनिट लागेल. नाहीतर बोलणं कापून जोडताना मध्ये भोकं पडतात." म्हणून सगळ्यांनी आहे तिथं उभं राहायचं, माना खाली, श्वाससुद्धा जपून, आणि साठ सेकंद कुणी काही करायचं नाही. मी म्हटलं, त्यात काय, सरकारी नोकरीत मी वर्षानुवर्षं हेच केलं.

पण शांतता मिळवणं किती कठीण असतं ते ज्यानं मिळवलीय त्यालाच विचारा. पहिल्या खेपेला मॅगपाय पक्षी ओरडला. दुसऱ्या खेपेला गव्हाचा ट्रक गेला. चौथ्या खेपेला नायिकेच्या पोटात गुरगुरलं आणि ती बिचारी रडकुंडीला आली, कारण दोन दिवस मी सगळ्यांना टोस्ट आणि अंड्यांवर ठेवलं होतं. सातव्या खेपेला कॉस्टा म्हणाला, "फ्रीज." फ्रीज बंद केला. बंद केलेला फ्रीज परत चालू करायला ही मंडळी हमखास विसरतात, म्हणून त्यांच्यात एक रीत आहे: गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. घरी जायचं म्हटलं की किल्ली लागते, किल्ली घ्यायला गेलं की फ्रीज आठवतो. मला ही रीत फार आवडली. मी तर किल्लीबरोबर पाकीटही ठेवलं, खालच्या खणात, लेट्यूसमागे. दुहेरी आठवण.

मग उरला नळ. आमचा सिंकखालचा पाइप गळतो. त्यावर शेजारच्या मर्लनं आदल्या दिवशी सल्ला दिला होता की तिचा कैलासवासी नवरा अशा पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळायचा. बोलिंग क्लबचा नेव्हिल म्हणाला, ट्यूब नको, मेण. मी आज्ञाधारकपणे दोन्ही केलं, आणि जिथं एक थेंब पडत होता तिथं दोन पडायला लागले. तेव्हा तेराव्या खेपेला मीच कपाटात शिरलो आणि दोन्ही हातांनी फडकं दाबून धरलं. बाहेर राहिले माझे फक्त पाय, ऑड्रीनं नाताळात दिलेल्या तपकिरी सपाता घातलेले. पायांभोवती दहा माणसं माना खाली घालून उभी. फाटकावर आदल्या दिवशी मीच माझ्या पोस्टातल्या सुवाच्य अक्षरात, काळ्या चौकटीत पाटी लावली होती: 'कृपया शांतता राखा. बेल वाजवू नये. ट्रेलोअर कुटुंबीय.'

आता मर्लच्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात?

ती आली होती मेणाचं काय झालं ते विचारायला. पाटी वाचली, दबक्या पावलांनी बाजूनं आली, खिडकीतून पाहिलं. आमच्या गावात एप्रिलच्या पंचवीस तारखेला युद्धस्मारकापाशी सगळं गाव असंच उभं राहतं. तशी तीही खिडकीबाहेर मान खाली घालून पूर्ण मिनिटभर उभी राहिली, आणि कुटुंबाला त्रास नको म्हणून तशीच निघून गेली. पुढे मी तिला विचारलं, "अगं बाई, डॉक्टरला तरी बोलवायचंस!" तर म्हणाली, "सगळे इतके शांत होते, मला वाटलं तुला जाऊन बराच वेळ झालाय."

आत कॉस्टानं ते मिनिट परत ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कुणीतरी हुंदके देतंय." सगळ्यांनी एकमेकांचे डोळे तपासले. सगळे कोरडे. मी कपाटातून ओरडलो, "मी नाही!" ते मिनिटही वाया गेलं.

तासाभरात ओट्यावर पहिलं भांडं आलं. झाकणाचं, काचेचं, अजून गरम. ट्यूना आणि मॅकरोनी. मग कोकराच्या मटणाचा रस्सा. मग जर्दाळू घालून शिजवलेली कोंबडी, तीन वेगवेगळ्या घरांतून. आमच्याकडे घरात कुणी गेलं की अशी भांडी निघतात. दार वाजवायचं नाही, पायरीवर ठेवायचं आणि जायचं. तळाला चिकटपट्टीवर नाव असतं, म्हणजे भांडं परत करता येतं. हे सगळं मला ठाऊक होतं हो. पण मला वाटलं टॅमसिननं जेवणाची सोय केली, टॅमसिनला वाटलं मी केली. मंडळी जेवली अशी की बघून डोळे निवावेत. कॉस्टा तिसऱ्यांदा कोंबडी घेत म्हणाला, "ट्रेलोअरसाहेब, असा निर्माता मी पाहिला नाही." मीही नम्रपणे मान हलवली. उरलेली अकरा भांडी फ्रीजमध्ये कोंबली.

पावणेतीनला फोन वाजला. ऑड्री होती. आवाज अगदी बारीक.

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी, क्लेम."

मग ती रडायला लागली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी ऑड्रीला तीनदा रडताना पाहिलंय, आणि त्यात माझ्यासाठी एकदाही नाही.

"मर्लचा फोन आला होता," ती म्हणाली. "तू गेलास म्हणाली. स्वयंपाकघरात. सपाता घालून."

मी भांड्यांकडे पाहिलं. फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं. सगळा उलगडा झाला. "ऑड्री, मी ठणठणीत आहे गं. पाइप धरून पडलो होतो."

"मेल्या!" ती म्हणाली. अजून रडत होती, पण आता रागानं. "तासभर मी बसस्टँडवर बसलेय आणि मनात एकच. म्हटलं, गेला हा माणूस, आणि पोरीला एकदा तोंडानं सांगितलं नाही ह्यानं. जगाला सांगत फिरला आणि तिला नाही. आता हे मी कसं सांगू तिला? माझं ऐक, क्लेम. मरायचं तर मर, पण आधी तिला सांग."

मी काहीतरी बोलणार, इतक्यात तिची बस आली.

फोन ठेवतो तो पुन्हा वाजला. नगरपालिकेतली ग्लेनिस. ही मर्लची भाची, म्हणजे बातमी तिथं किती वेळात पोचली असेल ते बघा.

"टॅमसिनला द्या हो," ती हळुवारपणे म्हणाली. "क्लेमकाकांचं फार वाईट झालं. तिला सांगायचं होतं की अर्जदार मयत असल्यामुळे उद्याची रस्त्याची परवानगी आपोआप रद्द झालीय."

"ग्लेनिस, मी क्लेम बोलतोय."

"अशा दिवशी चेष्टा शोभत नाही," म्हणून तिनं फोन आपटला.

ऑफिस चारला बंद होतं. टॅमसिनचा चेहरा पांढरा पडला. किल्ली भांड्यांच्या डोंगरामागे, लेट्यूसच्याही मागे. म्हटलं, राहू दे, चालत दहा मिनिटं लागतात. पाकीटही राहू दे, वॅरममध्ये मला ओळखपत्र कशाला लागतंय?

बोलिंग क्लबवरून जाताना पाहिलं तर निशाण अर्ध्यावर. मी सवयीनं टोपी काढली आणि दोन क्षण थांबलो. मग लक्षात आलं की हे माझ्यासाठीच आहे, आणि खरं सांगतो, टोपी परत डोक्यावर ठेवायचं राहूनच गेलं. आपल्यासाठी निशाण उतरवतात हे किती जणांना बघायला मिळतं? तेवढ्यात नेव्हिल बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच मागे मागे आत गेला. त्यानं पुढे दोन दिवस दारू सोडली होती म्हणतात.

नगरपालिकेत ग्लेनिसनं मला पाहिलं, एक किंकाळी फोडली, काउंटरवरून वाकून माझे गाल ओढून बघितले, डोळे पुसले. "क्लेमकाका! देवा!" आणि मग खुर्चीत बसली, चष्मा लावला आणि बदलली.

"ओळखपत्र?"

"ग्लेनिस, आत्ताच तू माझे गाल ओढलेस."

"ते मी ओढले, ऑफिसनं नाही. नोंदीत तुम्ही मयत आहात. जिवंत आहात ह्याला फोटोसहित पुरावा लागेल." तिनं चष्मा वर सरकवला. "माझ्या लग्नाच्या बुटांचं पार्सल आठवतंय का, काका?"

आठवत होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ही पोरगी पोस्टात आली होती, ओळखपत्राशिवाय. हिला मी बारशापासून ओळखत होतो. तरी दिलं नव्हतं. नियम. बिचारी आईचे, एक नंबर मोठे बूट घालून चालली होती, प्रत्येक पावलाला फटक फटक करत. मी लग्नाला होतो. आवाज मला ऐकू येत होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे वाक्य मी काउंटरच्या त्या बाजूनं कधी म्हटलं नव्हतं. ह्या बाजूनं सोपं जातं.

"मान्य आहे," ग्लेनिस म्हणाली. "ओळखपत्र?"

साडेतीन वाजले होते. घरी फोन केला आणि भिंतीपाशी बाकावर बसलो. बसल्या बसल्या मनात आलं, क्लेम, तू नुसता इथं बसून राहिलास, तरी तुझंच म्हणणं खरं होतंय. चार वाजतील, परवानगी जाईल, सिनेमा राहील, पोरगी एक तारखेला आयव्हरच्या टेबलावर बसेल. पगार, पेन्शन, सगळं. अठरा वर्षं हेच मागत होतास ना? आणि मी पाहिलं तर मी घड्याळाकडे बघत गुडघा हलवत होतो, आणि पुटपुटत होतो, "ये गं बाई, लवकर ये."

चारला दहा मिनिटं असताना टॅमसिन धापा टाकत आली. हातात पाकीट, बर्फासारखं नसलं तरी गारढोण. पाकीट आणि किल्ली दोन्ही काढली म्हणजे फ्रीजची आठवणही बाहेर निघाली, हे दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा भांड्यांच्या वासावरून कळलं. पुढे मी सगळी भांडी घासून घरोघर परत केली आणि प्रत्येक घरी "फार चविष्ट होतं" म्हणून सांगितलं.

टॅमसिनचे डोळे लाल होते. दुसऱ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"भांड्यांबरोबर आल्या होत्या," ती म्हणाली. "सांत्वनाच्या. भांडी बाहेर काढताना वाचल्या." तिनं एक उघडली. "'तुझ्या वडिलांनी तुझा तो छोटा सिनेमा मला पोस्टातल्या मागच्या खोलीत चारदा दाखवला.' ही दुसरी. 'पोस्टात तिकिटं घ्यायला गेलं की आधी टॅमसिनच्या बक्षिसाची गोष्ट ऐकावी लागायची, मग तिकिटं.' बाबा, अशा नऊ आहेत. तो पाय चिरडण्याचा माहितीपटसुद्धा तू लोकांना दाखवलास?"

"चांगला होता तो," मी म्हणालो. "पाय वाचतो शेवटी."

"मला तू दर रविवारी काय विचारायचास?"

ग्लेनिसनं खाकरून फॉर्म पुढे सरकवला. "मयताची नोंद फक्त जवळच्या नातेवाइकाला दुरुस्त करता येते. नाव टॅमसिन ट्रेलोअर. नातं मुलगी. व्यवसाय?"

टॅमसिन पुढे झाली. "काही लिही. सध्या काम नाही म्हण."

"दिग्दर्शक," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला, मागे पाणीपट्टी भरायला आलेले दोघं दचकले. "चित्रपट दिग्दर्शक. सुवाच्य अक्षरात लिही, ग्लेनिस."

"मला पाठ आहे," ग्लेनिस लिहिता लिहिता म्हणाली. "मीपण तिकिटं घ्यायला यायची."

चारला दोन मिनिटं असताना तिनं शिक्का मारला. मी जिवंत झालो आणि सायडिंग रोड बंद झाला, दोन्ही एकदमच.

घरी आलो तर ऑड्री बसमधून उतरून स्वयंपाकघरात पोचली होती. तिनं मला वरपासून सपातांपर्यंत पाहिलं आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. कॉस्टा म्हणाला, "सगळे आहेत तर मिनिट घेऊन टाकू." मी निमूटपणे कपाटाकडे वळलो.

"बाबा, बाहेर ये," टॅमसिन म्हणाली. "नळ गळू दे."

"आवाज येईल."

"ह्या घरात तो येतोच. येऊ दे." कॉस्टानं खांदे उडवून हेडफोन चढवले.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. टप, टप. खिडकीबाहेर मर्ल उभी, सवयीनं मान खाली घालून. मी टॅमसिनच्या शेजारी. वीस सेकंद झाले असतील, तीस झाले असतील. ऑड्रीनं मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"तू फार छान काम करतेस, पोरी," मी म्हणालो. "मला फार अभिमान आहे तुझा. कधीचा आहे."

कॉस्टानं हेडफोन काढले. मग तो घसा साफ करत म्हणाला, "ट्रेलोअरसाहेब, सदतीस सेकंद झाले होते हो."

"हे पुसू नकोस," टॅमसिन म्हणाली. "वेगळं ठेव." आणि पुढच्या खेपेला, बाराव्या सेकंदाला, तिचंच नाक वाजलं. त्याच्या पुढच्या खेपेला ऑड्रीचं. कॉस्टानं हात टेकले. शांतता शेवटी सहा वाजता मिळाली, सगळ्यांचं रडून झाल्यावर.

सायडिंग रोडचा प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. नायिका दुपारी मेलबर्नला गेली. एक तारखेला सकाळी नऊ वाजता आयव्हरचा फोन आला. "टेबल पुसून ठेवलंय, क्लेम. कधी येतेय पोरगी?"

टॅमसिन आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसली होती, आमच्या स्वयंपाकघराचे तुकडे जोडत. दार उघडं होतं.

"ती नाही येणार, आयव्हर," मी म्हणालो. "तिला काम आहे."